खदानीतली जोडी: दिवाळीच्या तोंडावर शृंगी घुबड कसे राखावे

इंदूरच्या दक्षिणेला, महू आणि सिमरोलच्या बाजूला, मुरूम काढून सोडून दिलेल्या बऱ्याच खदानी आहेत. त्यांच्या उभ्या कडा शृंगी घुबडाला, म्हणजे कानांसारखे तुरे असलेल्या मोठ्या घुबडाला, मानवतात. माणसाची ये-जा नाही, कपारीला छत आहे आणि समोर सोयाबीन-गव्हाची शेते, म्हणजे उंदीर-घुशींचा तोटा नाही. हे प्रकरण अशाच एका खदानीचे. ती नकाशावर शोधू नये. या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास बळीसाठी घुबडे पकडण्याचे जे प्रकार पुन्हा पुन्हा घडतात, त्यांवरून ही खदान आणि तिची हकीकत रचली आहे. खरी एकच जागा असती तरी तिचा पत्ता इथे दिला नसता.

जागा आणि पक्षी

जमीन महसुली, खाणकामाचा पट्टा संपलेला. कड साधारण बारा मीटर उंच, तोंड पूर्वेला. सात मीटरवर एक आडवी कपार. तळाशी पावसाचे साचलेले पाणी, तीन बाजूंनी उभ्या भिंती. आत यायला वाट एकच, पूर्वी डंपर यायचे ती. गाव सव्वा किलोमीटरवर.

कपार वापरात आहे हे पक्षी न दिसताही कळते. खाली पांढऱ्या विष्ठेचे ओघळ असतात, कडेच्या पायथ्याशी उंदरांच्या कवट्या आणि केस असलेल्या उलटीच्या गोळ्या पडलेल्या असतात, आणि सूर्यास्तानंतर घुमणारी दोन ठोक्यांची हाक ऐकू येते. शृंगी घुबड घरटे बांधत नाही. कपारीतल्या मातीत उथळ खळगा करून, बहुतेक वेळा तीन-चार अंडी थेट जमिनीवर घालते. जागा आवडली की वर्षानुवर्षे तीच. जोडीचा हा जागेवरचा लोभच पकडणाऱ्याच्या कामी येतो, कारण एकदा कपार ठाऊक झाली की दरवर्षी शोधाशोध करावी लागत नाही.

दुसरी अडचण वेळेची. विणीचा हंगाम ढोबळपणे ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत चालतो. म्हणजे दसरा-दिवाळीच्या दिवसांत अंडी बहुधा पडलेली नसतात, पण जोडी कपारीपाशी येऊन बसलेली असते आणि हाका मारून हद्द सांगत असते. पक्षी शोधायला वर्षातला सर्वांत सोपा काळ हाच, आणि बाजारात मागणीही नेमकी तेव्हाच. ऑक्टोबरात जोडीतला एक गेला की त्या वर्षीची वीण गेली, आणि कपारीत एकही अंडे नसल्याने घरट्याचे नुकसान झाले असे कुणाला वाटतही नाही.

मागणी येते ती लक्ष्मीपूजनाच्या अमावस्येला घुबडाचा बळी दिला की धन येते, या समजुतीतून. कानांसारखे तुरे असलेल्या मोठ्या घुबडाला जास्त भाव. मराठी घरांत त्या रात्री केरसुणीला हळदकुंकू वाहून लक्ष्मी मानतात, त्यात घुबडाला कामच नाही. पण गिऱ्हाईक कुठल्याही समाजात सापडते आणि इंदूरची मराठी घरे त्याला अपवाद आहेत असे समजण्याचे कारण नाही. गावात मात्र उलटा समज पक्ष्याच्या उपयोगी पडतो: घुबडाला दगड मारला तर ते तो पाण्यात झिजवते, आणि दगड झिजतो तसा मारणाराही झिजतो. शास्त्रीय दृष्टीने दोन्ही सारखेच खोटे. तरी पहाऱ्याच्या दिवसांत दगडाची गोष्ट खोडून काढायला जाऊ नये.

बातमी कशी फुटली

या खदानीची बातमी गावातून फुटली नाही. नवरात्रात एका हौशी छायाचित्रकाराने कपारीतल्या पक्ष्याचा फोटो टाकला. खाली तालुका लिहिलेला आणि मागे मोबाइलचा टॉवर आणि कडेचा ओळखू येणारा आकार. एवढे पुरते. फोटोच्या फाइलमध्ये जीपीएसची नोंद राहते हे बहुतेकांना ठाऊक असते. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो पाठवला तर ती नोंद निघून जाते, पण चांगल्या दर्जासाठी तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी पुढे जाते. पक्षीनिरीक्षकांच्या गटांत हा दुसरा प्रकार सर्रास चालतो.

त्यामुळे नियम कडक हवा. विणीच्या जागेचा फोटो त्या हंगामात टाकायचाच नाही. पुढे कधी टाकला तर जिल्ह्यापलीकडे काही सांगायचे नाही आणि चौकटीत नुसता पक्षी ठेवायचा, मागची कड नाही. मोबाइलवर घुबडाची हाक वाजवून त्याला बाहेर काढणे तर पूर्ण बंद. हाकेला उत्तर देत उघड्यावर येण्याची सवय जोडीला लागली, तर पकडणाऱ्याचे अर्धे काम झालेले असते.

सापळा सापडला तेव्हा

दसऱ्यानंतर तीन दिवसांनी लगतच्या शेतातल्या काकांना कडेच्या माथ्यावर दोन गोष्टी दिसल्या. एक, पक्षी बसतो त्या खुंटावर लासा फासलेल्या कामट्या. लासा म्हणजे वड-पिंपळाचा चीक तेलात शिजवून केलेला चिकटा; पंख त्यात अडकला की पक्षी सुटायला धडपडतो आणि आणखी माखतो. दुसरी, बालछत्री: घुमटासारखी छोटी जाळी, आत जिवंत उंदीर आणि वर नायलॉनच्या बारीक तातीचे बरेच फास. घुबड उंदरावर झेपावते आणि त्याची बोटे फासात गुंततात.

काकांनी कामट्या उपटून बांधावर जाळल्या. कुणीही हेच केले असते, पण पुराव्यातला निम्मा भाग तिथेच गेला. बालछत्रीला हात लावण्याआधी मुलाने बीटगार्डला (त्या भागाच्या वनरक्षकाला) फोन केला, म्हणून ती राहिली.

आता प्रश्न असा की सापळा जागेवर ठेवून पाळत ठेवायची की काढायचा? जागेवर ठेवला तर आरोपी हाती लागण्याची शक्यता वाढते, पण त्याआधी पक्षीच अडकू शकतो. आणि अडकलेले घुबड धडपडीत पाय मोडून घेऊ शकते. इथे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी मधला मार्ग काढला, तो योग्य होता. पंचांसमोर चित्रीकरण सुरू ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून फोटो घेतले, हातमोजे घालून उंदीर सोडून दिला, सगळे फास कापून पाकिटात सील केले, आणि निकामी केलेली जाळी होती तिथेच परत ठेवली. काय कापले, किती फास होते, किती वाजता, हे सर्व पंचनाम्यात लिहिले. ही नोंद नसेल तर पुढे बचावाचा वकील विचारतो, “फास होते कशावरून?”

पंच निवडताना पहाऱ्याला बसणारी माणसे घेऊ नयेत. त्यांचा हितसंबंध आहे असे कोर्टात म्हणता येते. या प्रकरणात कोटवार (गावचा चौकीदार) आणि शेजारच्या गावातला एक दुकानदार पंच होते.

पहारा

कोजागिरीपासून भाऊबीजेपर्यंत सतरा रात्री. रोज दोन पाळ्या, सूर्यास्ताच्या आधीपासून मध्यरात्र आणि मध्यरात्र ते उजाडेपर्यंत. प्रत्येक पाळीत वनविभागाचा एक आणि गावातले दोघे. ऑक्टोबरच्या अखेरीस इंदुरात सूर्यास्त सहाच्या थोडा आधी होतो. त्यानंतरचा दीड तास आणि पहाटेचा तास, हे मोलाचे. पक्षी कपारीतून निघतो आणि परततो तेव्हाच, आणि पकडणाऱ्यालाही तीच वेळ हवी असते.

कोजागिरीच्या आसपास चांदण्यात वाट लांबून दिसते. नंतर चंद्र रोज उशिरा उगवतो आणि संध्याकाळची महत्त्वाची वेळ पूर्ण अंधारात जाते. म्हणून दुसऱ्या आठवड्यात माणसे वाटेच्या जास्त जवळ सरकवली. अमावस्येच्या रात्रीच सर्वांत जास्त पहारा ठेवण्याची रीत आहे, ती फारशी कामाची नाही. बळीसाठी लागणारे घुबड खरेदीदाराकडे त्याआधीच पोचलेले असते. धोका दसरा ते धनत्रयोदशी हाच. त्यानंतर पोचणारा माल उशिराचा.

पहिल्या दोन रात्री पहारेकरी कडेच्या माथ्यावर, कपारीच्या बरोबर वर बसले, कारण तिथून सगळे दिसते. घुबडाची जोडी त्या दोन्ही रात्री कपारीत परतली नाही, पलीकडच्या बाभळीत बसून राहिली. राखणीला बसलेली माणसेच जोडीला हाकलतात, हा प्रकार फार ठिकाणी होतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. तिसऱ्या रात्री बैठक डंपरच्या वाटेच्या तोंडाशी, कपारीपासून दोनशे मीटरवर नेली. शेकोटी नाही, गाणी नाहीत, कडेकडे टॉर्च मारायचा नाही. कपारीवर नजर ठेवायची नाहीच. नजर येणाऱ्या माणसावर ठेवायची.

वाटेवर मोठे दगड लोटून चारचाकी बंद केली, मोटारसायकलपुरती फट मुद्दाम ठेवली. पूर्ण बंद केले असते तर ते शेतांतून कुठूनही आले असते. फटीपाशी दोन कॅमेरा ट्रॅप (समोर हालचाल झाली की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे), एक समोरून आणि एक पाठीमागून नंबरप्लेटसाठी. रात्री फोटो काढणाऱ्या या कॅमेऱ्यांत ८५० नॅनोमीटरच्या दिव्याचे लालसर ठिपके अंधारात दिसतात; माणसाला पकडायचे तर ९४० नॅनोमीटरचे घ्यावे. त्यांचा पल्ला कमी, पण उजेड दिसत नाही. उंची दोन मीटर, तोंड किंचित खाली. कमरेच्या उंचीला लावलेला कॅमेरा पहिल्याच रात्री चोरीला जातो. घड्याळाची तारीख-वेळ लावल्याची खात्री करून तसे लिहून ठेवावे. चुकीच्या तारखेचा फोटो कोर्टात नसल्यासारखाच.

कोजागिरीनंतर सहाव्या रात्री, पावणेसातच्या सुमारास, दोघे मोटारसायकलवर आले. जोडबांबूच्या कांड्या, डब्यात लासा, पोते आणि पिंजऱ्यात चार उंदीर. गावच्या मुलांनी त्यांना अडवले आणि एक हात उगारलाही गेला. बीटगार्डने तिथेच थांबवले, ते बरे केले. मारहाण झालेल्या आरोपीचा कबुलीजबाब दबावाखाली घेतला असे म्हणायला जागा मिळते, आणि वर मारणाऱ्यावरच गुन्हा दाखल होतो.

पक्षी हाती नसताना गुन्हा

“घुबड तर सापडलेच नाही, मग गुन्हा कसला?” हे पोलीस ठाण्यातही ऐकू येते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २(१६) मध्ये शिकारीची व्याख्या रुंद आहे. मारणे, विष घालणे, पकडणे, फास लावणे, आमिष ठेवणे हे तर आहेच, शिवाय तसा प्रयत्न करणे हीसुद्धा शिकारच. पक्ष्यांच्या बाबतीत अंड्यांना इजा करणे, अंडी वा घरटे विस्कटणे हेही त्यात येते. कलम ९ ने ती बंद आहे. खदान महसुली असल्याने काही अडत नाही. कायदा वनजमिनीपुरता नाही आणि कलम ५० खालचे झडती-अटकेचे अधिकार बाहेरही चालतात. फक्त तिथे गस्त कुणाच्या नावावर नसते, म्हणून सरपंच, पटवारी आणि वनविभाग यांच्यात कोण कुठली रात्र बघणार हे आधी लेखी ठरवावे लागते.

पीओआर (वनगुन्ह्याचा प्राथमिक अहवाल) फाडताना नुसते ‘घुबड’ लिहू नये. २०२२ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचींची मांडणी बदलली आणि शिक्षा अनुसूचीप्रमाणे ठरते. अनुसूची १ मधल्या जातीसाठी किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद, शिवाय किमान २५,००० रुपये दंड. अन्यथा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यामुळे जातीचे शास्त्रीय नाव, ते कशावरून ठरवले आणि चालू अनुसूचीतला क्रमांक हवा. खंडवा-बऱ्हाणपूरच्या बाजूला तर ही काळजी दुप्पट घ्यावी. तिथे ‘पिंगळा’ म्हणून लिहिलेला पक्षी रानपिंगळा असू शकतो. नामशेष झाला असे मानलेला तो पक्षी १९९७ मध्ये आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळ पुन्हा सापडला, नंतर खंडव्याच्या जंगलातही.

या प्रकरणात घुबडाच्या खरेदीची बोलणी मोबाइलमध्ये होती. फोन जागेवरच फ्लाइट मोडवर टाकून सील केले, म्हणजे बाहेरून कुणी मजकूर पुसू शकत नाही. फोनमधला मजकूर आणि कॅमेऱ्यांचे फोटो पुरावा म्हणून द्यायचे तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते, त्यात फाइलचे हॅश मूल्यही (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा संकेतांक). हे शेवटच्या क्षणी करायला गेले की मेमरी कार्ड मधल्या काळात चार संगणकांत फिरून आलेले असते. आरोपींचे जबाब उपवनमंडलाधिकाऱ्यांनी, म्हणजे सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने, आरोपीसमक्ष नोंदवले. कलम ५०(८) आणि (९) मुळे असे जबाब खटल्यात ग्राह्य धरले जातात. बीटगार्डने घेतलेल्या जबाबाला ते वजन नाही. चोवीस तासांच्या आत न्यायालयात हजर केले.

मोबाइलवरून शहरातल्या मध्यस्थापर्यंत पोचता आले, ही यातली महत्त्वाची गोष्ट. बहुतेक प्रकरणे पकडणाऱ्यापाशी थांबतात. तो गरीब असतो, त्याच्या जमातीवर गुन्हेगारीचा शिक्का आधीच असतो, आणि त्याच्या जागी पुढच्या वर्षी दुसरा उभा राहतो. आगाऊ पैसे देणारा माणूस सापडेपर्यंत खदान सुरक्षित झाली असे म्हणता येत नाही. प्रसिद्धीपत्रकात मात्र घुबडाची ‘किंमत’ देऊ नये. लाखांचे आकडे वाचून नवे लोक या धंद्याकडे वळतात, आणि तेवढे पैसे पकडणाऱ्याला मिळतही नाहीत.

जप्त झालेला पक्षी

मध्यस्थाच्या खोलीत शृंगी घुबड नव्हते, एक गव्हाणी घुबड होते. दोन्ही पापण्या दोऱ्याने शिवलेल्या, उजव्या पंखाची लांब पिसे कापलेली, पोटाशी लाशाचे डाग. अशा वेळी तारेच्या पिंजऱ्यात ठेवू नये, उरलीसुरली पिसे मोडतात. भोके पाडलेले पुठ्ठ्याचे खोके, तळाला जुने सुती कापड, वर झाकण, आणि शांत अंधारी खोली. दूध, पाव, पाणी चोचीत घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. पापण्यांचे टाके घरी कापायला जाऊ नये, ते काम पशुवैद्याचे. लासा काढताना आधी त्यावर बारीक राख किंवा पीठ टाकतात, म्हणजे तो आणखी पसरत नाही. मग खाद्यतेलाने सैल करून सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने धुतात. तेही पक्षी सावरल्यावर, पहिल्या दिवशी नाही.

खरा घोळ पिसांचा. पीस उपटले असेल तर मूळ शाबूत असल्यास नवे येऊ लागते. पण कापलेल्या पिसाचा खुंट झडेपर्यंत जागा अडवून बसतो आणि गव्हाणी घुबडाची उड्डाणाची सगळी पिसे बदलायला दोन-तीन वर्षे जातात. म्हणजे जखम नसलेला, खातापिता पक्षी केवळ कात्रीमुळे तेवढा काळ अडकून पडू शकतो. झडलेली पिसे खुंटात बसवण्याची शस्त्रक्रिया जाणकार करतात. त्यासाठी मेलेल्या पक्ष्यांची अखंड पिसे प्राणिसंग्रहालयाने वनविभागाच्या परवानगीने जपून ठेवावीत. पक्षी हा मुद्देमाल असल्याने सोडण्याआधी न्यायालयाची परवानगी लागते. तो अर्ज पहिल्याच दिवशी, फोटो, मोजमापे आणि पिसाच्या नमुन्यासह द्यावा.

भाऊबीजेनंतर

सतरा रात्री झाल्या, जोडी शाबूत, आणि सगळे घरी गेले. नेमके इथे प्रकरण फसता फसता राहिले. या जोडीने अंडी घातली डिसेंबरच्या शेवटी, तेव्हा खदानीवर कुणी नव्हते, आणि ‘वाचवलेले घुबड’ बघायला रविवारी गाड्या येऊ लागल्या. उबवणी साधारण पाच आठवडे चालते. माळव्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली जातो. मादी उठली तर अंडी लवकर गार पडतात, आणि दिवसा उठली तर कावळे टपलेले असतातच. त्यामुळे वाट पुन्हा बंद केली, या वेळी फट न ठेवता. पाहणी पंधरा दिवसांतून एकदा, दोनशे मीटरवरून दुर्बिणीने, दहा मिनिटे. नर जखमी असल्याचे सोंग करून जमिनीवर फडफडू लागला तर पाहणारा फार जवळ गेला आहे. तिथूनच मागे फिरायचे.

याच काळात गव्हात उंदरांचे विष पडते. झिंक फॉस्फाइड असो की ब्रोमॅडिओलोन, विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबडाला सहज मिळतो. ब्रोमॅडिओलोन उंदराच्या यकृतात टिकून राहते, म्हणून तेच घुबडाला जास्त घातक. विष घालू नका असे काकांना सांगणे व्यवहार्य नव्हते. खदानीलगतच्या शेतांत बिळे बुजवून चालू बिळे ओळखणे, फक्त त्यांतच आमिष घालणे आणि सकाळी मेलेले उंदीर पुरणे, एवढ्यावर ठरले आणि ते पाळलेही गेले.

पिल्ले उडता येण्याआधीच पायी कपार सोडतात आणि कडेच्या आसपास दगडांत बसून राहतात. या खदानीत खाली साचलेले पाणी होते. उभ्या भिंतींमुळे पडलेले पिल्लू बाहेर येऊ शकत नाही. तीन लांब ओबडधोबड लाकडे पाण्यात तिरकी सोडून दगडांनी पक्की केली. फेब्रुवारीच्या मध्यापासून गावची मोकाट कुत्री तिकडे जाऊ नयेत म्हणून मेलेली जनावरे टाकण्याची जागा पंचायतीने दुसऱ्या टोकाला हलवली. जमिनीवर दिसलेले पिल्लू ‘वाचवून’ शहरात आणू नये. आईबाप जवळच असतात आणि पुढे काही महिने तेच त्याला भरवतात.

राहिला खनिज पट्ट्याचा प्रश्न. जुना पट्टा संपलेला असला तरी रस्त्याच्या कामाला मुरूम लागला की जेसीबी रातोरात येतो, आणि कड खणली की कपारच राहत नाही. वनमंडलाधिकाऱ्यांमार्फत खनिज विभागाला पत्र गेले: नवा पट्टा देताना ही कड आणि तिच्या दोन्ही बाजूंचे पन्नास मीटर वगळावेत, आणि ऑक्टोबर ते मे खोदकाम वा सुरुंग नको. पत्रासोबत कलम २(१६) मधला घरट्याविषयीचा मजकूर जोडला. जागेचा नकाशा जोडला तो बंद पाकिटात, कारण कार्यालयातली फाइल कोण कोण चाळेल याचा भरवसा नाही.